काळी चार

दारावर कुणी आलं तरच मी नवऱ्याला 'हे' म्हणते. एरवी रतन. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यापुढे 'अहो' आणि स्वयंपाकघराचं दार लोटलं की 'अरे', असा आमचा दुहेरी कारभार चालायचा. त्यांना सगळं ऐकू जायचं, पण कधी बोलल्या नाहीत. बाई भली होती.

तर हा रतन ओव्हाळ. मूळचा येरवड्याचा, आता राहणार कोथरूड, पन्नाशी उलटून बरीच वर्षं झालेली. काम माइक लावायचं. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत साहेबलोकांची मोठी सभा असली की आधी रतन स्टेजवर जाऊन "चेक, चेक, वन टू" म्हणतो, मग बाजूला होतो आणि साहेब बोलतात. सकाळी सातची कंपनीची बस, संध्याकाळी वाकडच्या गर्दीतून रडतखडत परत. घरी आला की बूट काढून पलंगावर बसतो आणि बराच वेळ स्वतःच्या मोज्यांकडे बघत राहतो. मी विचारते, काय झालं. तो म्हणतो, काही नाही, बसलोय. मीही एका ट्यूशन क्लासच्या रिसेप्शनवर दिवसभर पोरांच्या आयांना उत्तरं देऊन आलेली असते, त्यामुळे पुढे विचारायची ताकद माझ्यातही नसते. मग मीही बसते. आमचा शुभंकर बंगळूरहून व्हिडिओ कॉल करतो तेव्हा पहिला प्रश्न हाच, की तुमच्याकडे लाइट गेलेत का.

हा माणूस एके काळी अकॉर्डियन वाजवायचा, यावर आता कुणाचा विश्वास बसायचा नाही. त्याचे वडील येरवड्यात गायन पार्टी चालवायचे. जयंतीच्या महिन्यात त्यांच्या पार्टीला मोकळा दिवस मिळायचा नाही. रतनची बोटं पेटीवर बसली ती तिथे. मग हिंमतरावांनी त्याला उचलला. हिंमतराव म्हणजे 'ऑर्केस्ट्रा मधुरंग'चे मालक. निवेदकही तेच आणि कोणी कुठला कोट घालायचा हे ठरवणारेही तेच. मी तिथली गायिका. शनिवार पेठेतली मुलगी, शाळेत गाण्याची बक्षिसं, घरच्यांना सांगितलेलं की भक्तिगीतांचा कार्यक्रम आहे.

पहिल्या तालमीला रतननं मला विचारलं, "पट्टी कोणती?" म्हणजे कुठल्या सुरात गाणार. मी तोऱ्यात म्हटलं, "रेकॉर्डची आहे तीच. काळी चार." पेटीवरची चौथी काळी पट्टी. त्या गाण्याला ती भलतीच उंच पडते, भल्याभल्या बायका तिथे हात टेकतात. रतननं मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. पुढचं लग्न त्या बघण्यातूनच झालं म्हणायला हरकत नाही.

आम्हा ऑर्केस्ट्रावाल्यांचा तेव्हा एकच धर्म होता, ओरिजिनल स्केल. जाहिरातीत गायिकेच्या नावाखाली ते छापलेलं असायचं. रेकॉर्डपेक्षा अर्धा सूर खाली गायलं तर समोरच्या हजार माणसांत चौघांनासुद्धा कळायचं नाही. पण आम्हाला कळायचं. खाली गाणारीला आम्ही विंगेत 'तळमजला' म्हणायचो आणि हसायचो. मी जरा जास्तच हसायची.

लग्न झालं. ओव्हाळ हे आडनाव ऐकून माझ्या वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "आपली इच्छा." वडील मुलीला 'आपण' म्हणायला लागले की समजायचं काय ते. शुभंकर झाल्यावर त्यांनी पुन्हा मला 'तू' म्हटलं.

मग देश उघडला, असं पेपरात आलं. आमच्याकडे उघडला म्हणजे एक जपानी कीबोर्ड आला. हिंमतरावांनी तो कौतुकानं रतनच्या पुढ्यात ठेवला. त्यात व्हायोलिन होतं, बासरी होती, सनई होती, हवं तर ढोलसुद्धा होता. बघता बघता चारही व्हायोलिनवाले घरी बसले. त्यांतले बाबुराव एकदा तालमीला येऊन रतनला म्हणाले, "ह्यातलं व्हायोलिन वाजवून दाखव बरं." रतननं दाखवलं. बाबुराव म्हणाले, "छान आहे. याला चहासुद्धा पाजावा लागत नाही." आणि चप्पल घालून गेले. रतन त्या दिवशी जेवला नाही. पुढे गाणं वगळून नुसतं संगीत भरलेल्या सीड्या आल्या, ट्रॅक म्हणतात त्याला, आणि रतनचीही गरज उरली नाही. तोवर हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि तिथे माइक लावणारा माणूस हवा होता. झालं.

मी त्याच्याआधीच थांबले होते. रविवारचा प्रयोग, हॉल भरलेला, आणि वरच्या सुरावर माझा आवाज फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. मागच्या रांगेतून एक गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, शिडी आणून देऊ का?" पुण्याचा प्रेक्षक, सोलतानासुद्धा आधी 'बाई' म्हणणार. अख्खा हॉल हसला. मी गाणं पुरं केलं, विंगेत आले आणि म्हटलं, आता बास. हिंमतराव म्हणाले, "अहो, एक पट्टी खाली घ्या की. कोण बघतंय?" मी म्हटलं, काळी चार, नाहीतर काहीच नाही. मग काहीच नाही. न्हाणीघरातसुद्धा नाही. रतननं सुरुवातीला काही वर्षं विषय काढला. मी उठून जायची. मग त्यानंही सोडला.

असं सगळं स्थिरस्थावर झालेलं असताना तो सिनेमा आला.

कंपनीनं पोरांना मल्टिप्लेक्सला नेलं होतं. एचआरमधल्या अपेक्षाकडे एक तिकीट उरलं, म्हणून तिनं माइकवाल्या रतन सरांनाही बसमध्ये बसवलं. हिंदी सिनेमा, प्रेमाचा, गाण्यांचा, दोन धडपड्या कलाकारांचा. त्या संध्याकाळी रतन घरी आला तो मोज्यांकडे बघत बसला नाही. म्हणाला, "कल्याणी, रविवारी तुला न्यायचंय."

गेलो. पोरगा हॉटेलात कीबोर्ड वाजवतो, पोरगी कार्टूनना आवाज देते, आणि दोघांना गाण्यात नाव काढायचंय. राहतात मुंबईत गच्चीवरच्या एका खोलीत. पण त्या खोलीची खिडकी एवढी, की आमचा ब्लॉक तिच्यात मावला असता. भाडं थकलं की गाणं. जेवायला नाही की नाच. भांडण झालं की वाळत घातलेल्या चादरींमधून आणखी एक नाच. उपाशी माणसाच्या अंगात एवढं बळ असतं हे मला नव्यानंच कळलं. आणि दोघांना आडनावच नाही. पूर्ण सिनेमाभर कुणी विचारलंसुद्धा नाही. मी रतनच्या कानात म्हटलं, "स्ट्रगल बघायला तिकीट काढून कशाला यायचं? घरी आरसा होता की." बघते तर तो डोळे पुसत होता.

खोटं कशाला बोलू, शेवटच्या गाण्याला मीही रडले. ती पोरगी गच्चीच्या कठड्याला टेकून एकटीच गाते आणि खाली सगळं शहर आपापल्या कामाला लागलेलं असतं. आमची तेव्हाची वर्षं मला नुसती दमल्याची आठवतात. टेम्पोतून रात्री परतणं, ओले कोट, वडापाव, रतनच्या खांद्याला अकॉर्डियनच्या पट्ट्यानं पडलेला वळ. इथे तेच सगळं कुणीतरी धुऊन, इस्त्री करून समोर ठेवलं होतं. आपलाच जुना सदरा असा मिळाला तर माणूस अंगाला लावून बघतोच. बघितला आणि रडले.

रतन मात्र तो सिनेमा आणखी दोनदा बघून आला, एकटाच. मी वैतागले. म्हटलं, "आहे काय एवढं त्यात?" वाटलं, शेवटचं गाणं म्हणेल. तर नाही. म्हणाला, "तो हॉटेलातून दमून येतो बघ. ती भांडी घासता घासता गुणगुणत असते. तो पट्टी विचारत नाही. नुसता तिचा सूर शोधतो आणि तिथून वाजवायला लागतो. ती त्याच्याकडे जात नाही, तोच तिच्याकडे येतो."

"बरं, मग?"

"मग काही नाही. आपण असं कधी वाजवलंच नाही. कायम रेकॉर्डच्या मागे पळत राहिलो."

"झोप आता," मी म्हटलं. "सातची बस आहे." मला त्या प्रसंगातला फक्त भांड्यांचा टब आठवत होता.

पुढे कंपनीच्या वार्षिक समारंभात त्याच सिनेमातलं शेवटचं गाणं करायचं ठरलं. रतन सर पूर्वी ऑर्केस्ट्रात होते हे अपेक्षाला कुठूनतरी कळलं. ती मागे लागली. यानं सांगून टाकलं, वाजवीन, पण गाणार माझी बायको. मला न विचारता. मी जी भडकले. म्हटलं, "तू माइक लावतोस ते लाव. मला कुठे लावू नकोस."

त्यानं आवाज चढवला नाही. त्याला तो येतच नाही. म्हणाला, "एवढी वर्षं मी त्या स्टेजवर चेक चेक म्हणतोय. त्याच्यानंतर एकदा तरी गाणं यावं असं वाटतं. पुढच्या वर्षी मी घरी बसणार, मग कुठलं स्टेज आणि कुठलं काय. मला तुला एकदा ऐकायचंय, कल्याणी. बाकी काही मागत नाही."

खरंच मागत नाही तो. तेच तर अवघड जातं. मी म्हटलं, "ते गाणं काळी चारचं आहे."

"माहितेय."

"मग काळी चारमध्येच. आवाज तिथवर पोचला नाही तर त्या दिवशी सकाळी मी नाही म्हणून सांगणार."

"बरं," तो म्हणाला.

ट्रॅक आल्यावर हिंमतरावांनी देऊन टाकलेला तो जपानी कीबोर्ड माळ्यावरून खाली आला. पहिल्याच दिवशी वरच्या ओळीवर माझा गळा तसाच फाटला, जसा त्या हॉलमध्ये फाटला होता. मला ते हसणं जसंच्या तसं ऐकू आलं. मी उठले. रतन म्हणाला, "रियाज नाही इतक्या वर्षांत. चार दिवस दे गळ्याला." दुसऱ्या दिवशी कीबोर्डच्या छोट्या स्क्रीनवर त्यानं काळी चिकटपट्टी लावलेली. म्हणाला, "बिघडलाय, नुसता लुकलुकतो, डोळ्याला त्रास होतो."

मग सुरू झाला माझा थाट. ज्येष्ठमध चघळायचं, कोमट पाणी प्यायचं, लोणचं बंद, दही बंद. आणि काय सांगू, गळा ऐकायला लागला. आठवड्याभरात ओळ निम्मी जायला लागली, पुढे पूर्ण. मी गाताना रतनच्या बोटांवर डोळा ठेवून असायची. बोटं काळी चारवरच. क्लासमध्ये आयांशी मी हसून बोलायला लागले, त्या घाबरल्या. रतनला म्हटलं, "वयाला मागे टाकलं रे बहुतेक." तो कीबोर्डमध्ये तोंड घालून म्हणाला, "रियाज म्हणतात त्याला."

समारंभाच्या दुपारी कंपनीच्या हॉलमध्ये तालीम होती. रतन तळघरातल्या स्टोअरमधून वायर आणायला गेला होता. अपेक्षा म्हणाली, "मॅम, सर येईपर्यंत ट्रॅकवर एकदा म्हणून बघा ना, आम्ही लेव्हल सेट करून घेतो." तिच्या पोरांनी ट्रॅक लावला. सिनेमातला, जसाच्या तसा. मी पहिल्या ओळीला तोंड उघडलं आणि सूर मला सापडेना. तो वर होता. मी होते तिथून चांगला वर. टाचा उंचावल्यासारखा गळा ताणला तेव्हा कुठे हाताला लागला आणि तिथेच फाटला.

मी थांबले. आता सगळं दिसलं. या कीबोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की बोटं त्याच पट्ट्यांवर फिरतात, पण आवाज खालचा निघतो. किती खाली तो आकडा स्क्रीनवर येतो. त्या आकड्यावर चिकटपट्टी होती. एकदम नाही, अर्धा अर्धा सूर करत यानं मला खाली आणलं होतं. आणि मी ज्येष्ठमधाला श्रेय देत होते. अर्धी जिंदगी गाण्यात घालवलेली बाई, दुसरं वाद्य शेजारी नाही म्हटल्यावर कान कुठे जाणार, गळ्याला सुख मिळालं तिथेच तो मुकाट बसला.

इतका राग आला की पर्स उचलली. तळमजला. मी तळमजल्यावर गात होते आणि स्वतःचीच पाठ थोपटत होते. निघून जाणार, सातच्या बसमधल्या सगळ्यांसमोर त्याची फजिती झाली तरी चालेल, एवढं मनात येऊन गेलं.

तेवढ्यात तो आला. खांद्यावर वायरचं वेटोळं, एका गुडघ्यानं लंगडत. वाकून वायर जोडली, माझ्यापुढचा माइक स्वतःकडे घेतला, "चेक, चेक" म्हणाला. मग ट्रॅकवाल्या पोरांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. माइक हातात तसाच धरून मला म्हणाला, "ट्रॅक लावला होता का?"

त्याला माझ्याकडे बघायचा धीर होत नव्हता. बायकोनं एकदा गावं म्हणून या माणसानं काय काय केलं होतं, तेही चोरासारखं, कारण सरळ सांगितलं असतं तर मी उठून गेले असते. मी अपेक्षाकडे बघितलं आणि म्हटलं, "नाही. आत्ता लावत होते, मीच नको म्हटलं. आपण वाजवणारच आहोत."

रतननं श्वास सोडला. माइक चालू होता, त्यामुळे तो सगळ्या हॉलला ऐकू आला.

संध्याकाळी अपेक्षानं आमचं नाव पुकारलं. रतननं जुन्या गोष्टी सांगताना तिला काय काय सांगितलं असेल देव जाणे, तिनं मोठ्या उत्साहानं जोडून दिलं, "आणि तेही ओरिजिनल स्केलमध्ये, लाइव्ह." टाळ्या. रतननं मान खाली घातली. मी माइकपाशी उभी राहिले. मागच्या रांगेत अंधार होता. ओरिजिनल स्केलचं खोटं नाव लावून गाणं सुरू करायचं किंवा खाली उतरायचं, एवढंच होतं. मी गायला सुरुवात केली.

फार चांगलं झालं असं म्हणणार नाही. दुसऱ्या कडव्याला दम लागला, तेव्हा यानं मधलं संगीत दोनदा फिरवून मला श्वास घ्यायला जागा दिली. ती वरची ओळ जवळ आली तशी मला शिडीवाले गृहस्थ आठवले. आणि ओळ आली. शिडी लागलीच नाही, यानं माळाच खाली उतरवून ठेवला होता. मी रतनकडे बघितलं. तो बोटांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता, पहिल्या तालमीला बघितलं होतं तसा. पोरांनी मोबाइलचे दिवे लावून हलवले. त्यांना काय, ती कशालाही हलवतात. पण मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

बसमध्ये रतन म्हणाला, "काळी चार जमली की."

"जमली," मी म्हटलं. दोघंही खिडकीबाहेर बघत आलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. चहा झाल्यावर त्यानं स्टूल लावलं आणि कीबोर्ड माळ्यावर टाकायला उचलला.

"राहू दे खाली," मी ओट्याजवळून म्हटलं.

"आता कशाला? झाला कार्यक्रम."

"ती चिकटपट्टी काढ."

त्यानं मग कीबोर्ड टेबलावर ठेवला, वायर लावली आणि नखानं पट्टी खरवडून काढली. खाली स्क्रीन ठणठणीत होता. वजा तीन.

"कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"काल दुपारी. वायर आणायला गेला होतास तेव्हा."

"तरी गायलीस."

"गायले. पण वरच्या ओळीला अजून दमायला होतंय. आणखी खाली घे."

"किती?" त्याचं बोट बटणावर होतं.

"मला काय विचारतोस? शोध."

मी त्याच्याकडे पाठ केली, नळ सोडला आणि कपबशा विसळता विसळता गुणगुणायला लागले. त्याच्या दोन-तीन पट्ट्या चुकल्या, मग सापडली. कुठली होती, ते मी विचारलं नाही.